परसातलं हिरवं

इंदुबाई सकाळी उठली की आधी चहा टाकत नाही. चपला घरातच सोडून ती मागच्या परसात जाते, कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलते आणि अनवाणी पायांनी जमीन चाचपत फिरते. तळपायाला माती दबती लागली की थांबते. तिथं सळई टोचते, वाकून वास घेते आणि हळूच विचारते, आहात का? कोणाला विचारते, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर आयाबाया आपली लेकरं त्या परसाकडे फिरकू देत नाहीत.

सुरतेजवळ, चलथाणच्या साखर कारखान्याच्या अलीकडे, उसाची शेतं मोडून ही रो-हाउसं उभी राहिली. घेणारे बहुतेक आपले खान्देशचे, पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये जन्म घालवलेले. रस्ता आला, वीज आली, गटारलाइन काही आली नाही. मग ज्याच्या त्याच्या परसात एक संडासाची टाकी, आणि टाकीच्या पुढं खाळकुवा. खाळकुवा म्हणजे मोकळ्या विटांचा खोल खड्डा. टाकीतलं पाणी त्यात उतरायचं आणि हळूहळू जमिनीत जिरायचं. वर स्लॅबचं झाकण, झाकणावर माती. दिसत काहीच नाही, आणि जे दिसत नाही त्याची फिकीर करतो कोण? घराला दर दिवाळीला रंग काढतील, पण मागचं झाकण एकदा उघडून बघा म्हटलं की सगळ्यांच्या नाकाला पदर.

इंदुबाईचा नवरा किसन ह्याच परसात गेला. श्रावण होता, कानबाईचा रविवार होता, म्हणजे खान्देशच्या देवीला घरी बसवायचा दिवस. कानबाईचे रोट घरच्यांनीच खायचे असतात. त्यांचं खरकटं, हात धुतलेलं पाणीसुद्धा घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, आपल्याच मातीत खड्डा करून पुरायचं, असा त्यांच्या घराण्याचा नेम. गावी मातीला काय तोटा? इथं मात्र पुढंमागं सगळी फरशी, उघडी माती उरली ती फक्त खाळकुव्याच्या वर. दर वर्षी कुदळ तिथंच पडायची. त्या वर्षी तर त्या तुकड्यावर असं गवत माजलं होतं, भर वैशाखातही न वाळलेलं, की घरादाराला वाटलं आई पावली. बायकांनी गवताला हळदीकुंकू वाहिलं. किसनला तर कोण आनंद! म्हणाला, गावचं शेत आपल्या मागं मागं सुरतेला आलं बघा. आणि कुदळ घेऊन गेला.

इंदुबाई चुलीपाशी होती. तिला कुदळीचा घाव ऐकू आला, मग दुसरा आला नाही. मग जरा उशिरानं, खोलातून, पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. ती धावत मागं आली तेव्हा परसात नुसतं भोक होतं. त्या हिरव्या गवताच्या कडा आत वाकल्या होत्या.

किसनची थोरली बहीण सरलाबाई बमरोलीला राहते. तिनं तेव्हाच ठरवून टाकलं की सोवळ्यात काहीतरी चुकलं आणि कानबाई कोपली. पुढं कोणा गवंड्यानं इंदुबाईला समजावलं होतं, की खालच्या वाफेनं स्लॅबचं लोखंड कुजतं, पाणी जिरेनासं झालं की ते वर येतं आणि गवत माजतं. हिरवं म्हणजे खड्डा भरला, बाई. हे ऐकल्यापासून तिला हिरव्याचीच धास्ती बसली. कोणाच्या दारात मेथीची जुडी पाहिली तरी रस्ता बदलते, आता बोला. जुना खड्डा डबर टाकून बुजवला आणि त्याच्याच शेजारी नवा खणला, कारण माणूस गेला तरी घरातला संडास बंद ठेवता येत नाही.

कानबाई मात्र बंद झाली, ती ह्या वर्षापर्यंत. मुलगा चेतन बापासारखाच रंगखात्यात लागला. त्याचं लग्न झालं, सून धनश्री पोटुशी राहिली, आणि सरलाबाईनं फर्मान काढलं की यंदा आईला घरी आणायचंच, लेकराच्या पायगुणानं घरावरचं सावट जाऊ दे. धनश्रीनं घर धुतलं, भिंतींना रंग काढला, रोटांसाठी गहू निवडले. भाऊबंदांना निरोप गेले. गुरुवारपासून माणसं यायला लागली आणि घर गजबजून गेलं.

आणि नेमकं तेव्हाच इंदुबाईला ते ऐकू यायला लागलं. संडासात पाणी टाकलं की भांड्यातून खोल गुडगुड यायची, किसन सकाळी घसा खाकरायचा तशी. पाणी उतरायला वेळ लावायचं. मागच्या तुकड्यावर गवत होतंच, आता ते गुडघ्याला लागत होतं, आणि कडेच्या गवतापेक्षा त्याचा रंग गडद होता. सळई टोचली तर सरसर आत गेली. पण पावसाचे दिवस, सगळीच माती मऊ. सळईवर भरवसा कसा ठेवायचा?

तिनं चेतनला गाठलं. मैला उपसणाऱ्या टँकरवाल्याला बोलव म्हणाली, झाकण उघडून बघू दे. चेतन वैतागला नाही, हे त्याचं भलेपण, पण त्यानं हात जोडले. घर सोवळं झालंय, आई उंबऱ्यावर आलीय, आणि आता मैल्याचं झाकण उघडू? सोमवारी विसर्जन झालं की मंगळवारी बोलावतो. सरलाबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की इंदूला अजून किसननं झपाटलंय. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, असंही कोणी म्हणालं, आणि ओसरीवर हसू पिकलं. हसा बाबांनो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

इंदुबाईला स्वतःचीच खात्री नव्हती, हे खरं दुखणं. तिला रात्रंदिवस ती जमीन दिसायची. मग हे भय होतं की खरंच काही होतं? तेव्हा तिला किसनची एक गोष्ट आठवली. मिलमध्ये पाणी कुठून झिरपतं ते कळेना झालं की तो नाल्यात चिमूटभर रंग टाकायचा आणि रंग कुठं वर येतो ते बघत बसायचा. पाणी खोटं बोलतं, रंग बोलत नाही, म्हणायचा. रांगोळीत घालायला चेतननं मिलमधून राणी रंगाची, म्हणजे गर्द गुलाबी पुडी आणली होती. शुक्रवारी सगळे जेवायला बसले असताना इंदुबाईनं ती अख्खी पुडी संडासात ओतली आणि वरून बादलीभर पाणी टाकलं. रंग खालच्या खाली जिरला तर आपणच वेड्या, असं तिनं मनाशी ठरवलं. शनिवारी काहीच दिसलं नाही. तिला आयुष्यात पहिल्यांदा वेडं ठरल्याचा आनंद झाला, आणि ती त्या रात्री गाढ झोपली.

रविवारी तिला जाग आली ती बायकांच्या गलक्यानं. परसातून गाणं ऐकू येत होतं, कानबाईचं. ती मागच्या दारात आली.

गवताच्या बुडाशी माती लाल झाली होती. लाल म्हणजे गुलाबीसर लाल, ओलं, चमकणारं, कोणी कुंकू कालवून शिंपावं तसं. धनश्रीला ते पहाटे दिसलं होतं आणि तिनं आत्यासासूला उठवलं होतं. सरलाबाई भिंतीला धरून रडत होती. कानबाईनं आपल्या हातानं सडा घातला, कोप सरला, भाऊ सुटला, असं सारखं म्हणत होती. गल्लीतल्या बायका ताटं घेऊन आल्या होत्या, ज्या परसाकडे लेकरं फिरकू देत नव्हत्या त्याच. पाण्यानं भरलेला तांब्याचा लोटा, त्यावर नारळ, अशी कानबाई त्या हिरव्याच्या मधोमध मांडली होती. आणि लोट्यापुढं, सातव्या महिन्याचं पोट सावरत, धनश्री गुडघ्यांवर बसून ती लाल माती कपाळाला लावत होती.

इंदुबाईला सगळं एकदम कळलं. बोलावं तर आईचा सण विटाळला. सुनेची पहिली कानबाई, नणंदेचे इतक्या वर्षांनी आलेले आनंदाचे अश्रू, सगळ्यांत मैला कालवायचा, आणि तोही आपल्याच हातानं. ह्यानंतर कोणी तिच्या हातचं पाणी पिणार नव्हतं. न बोलावं तर? धनश्रीच्या गुडघ्यांभोवतीचं गवत आत वाकलं होतं.

ती उंबऱ्यावरूनच, गावच्या अहिराणीत बोलली, आणि गाणं थांबावं इतक्या जोरात बोलली.

"धना, तठीन ऊठ. ते कुकू नई शे. मिलना रंग शे. मी संडासमा टाका व्हता."

क्षणभर कोणाला अर्थच लागला नाही. मग लागला. कोणी पदरानं कपाळ खसाखसा पुसलं, कोणी ओकारी दिली, ताटं घेऊन बायका फरशीवर मागं सरल्या. सरलाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

"माझा भाऊ खाऊन पोट भरलं नाही का तुझं?" ती म्हणाली.

धनश्री मात्र उठली नाही. ती तिथंच बसून होती, कपाळावर ती लाल माती, आणि तिचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांचं कौतुक एका वाक्यात मातीत गेलं होतं बिचारीचं. इंदुबाई फरशीच्या कडेपर्यंत गेली, तिथं आडवी झाली, हात लांब करून तिनं सुनेचं मनगट पकडलं आणि ओढलं. धनश्री रागानं हात सोडवायला बघत होती. इंदुबाईनं सोडला नाही. पोरगी रांगत, रडत फरशीवर आली.

लोटा तसाच राहिला. विटाळलेल्या जागेवरचा नारळ उचलायला कोणी पुढं होईना. सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या, म्हणून सगळ्यांना दिसलं. लोटा जरासा कलला. नारळ एका बाजूला झुकला, जणू कोणी खालून हाक मारली आणि तो ऐकायला वाकला. मग गवत, माती, लोटा आणि आई, सगळं आत गेलं.

परसात नुसतं भोक उरलं. आणि जरा उशिरानं, खोलातून, पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला.

सरलाबाई मटकन खाली बसली. इंदुबाई फरशीवर पडल्या पडल्या तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिली, आयुष्यात दुसऱ्यांदा. पण ह्या वेळी तिच्या मुठीत धनश्रीचं मनगट होतं, आणि आता ते सुटायची धडपड करत नव्हतं.