मधातलं फूल कोणाचं?

ऐंशीच्या दशकात मी सौंसरला घरीच मध तपासत असे. मध कोमट पाण्यात विरघळवायचा, हाताने फिरवायच्या सेंट्रीफ्यूजमध्ये घालायचा आणि तळाशी बसलेले परागकण मायक्रोस्कोपखाली बघायचे. कण ओळखला की फूल कळतं, ते वहीत लिहायचं. पायाला भिंगरी होतीच. आज पांढुर्णा, उद्या लोधीखेडा. रिसर्च रेंगाळला, किस्से मात्र भराभर जमले!

*

पांढुर्ण्याच्या एका दुकानदाराचा 'शुद्ध जंगली मध'. चार स्लाइड केल्या, एकही कण दिसेना. निव्वळ साखरेचा पाक! त्याला जाऊन सांगितलं, "दादा, यात परागकणच नाहीत."

"मंग तं अजूनच शुद्ध झाला ना, मॅडम! कचराच नाही!"

*

मला बघायला पाहुणे आले, तेव्हा आत एक नमुना अर्धवट पडला होता. पोहे दिले, आत पळाले. चहा दिला, पुन्हा पळाले.

मुलाचा मामा म्हणाला, "पोरगी लयच चुळबुळ करून राहिली. आत कोणी हाय काय?"

आई शांतपणे म्हणाली, "हाय नं. तिळाचं फूल."

पाहुणे परत आले नाहीत!

*

लोधीखेड्याचे डोमाजीकाका मधपेट्या ठेवत. "हा बोरीचा मध," म्हणून त्यांनी बाटली दिली. स्लाइडवर बघते तर सगळा सांभार, म्हणजे कोथिंबिरीचं फूल.

काका खवळले. "मी रोज बोरीखाली बसून राहिलो, अन् ह्या माश्या सांभाराच्या वावरात! घरचं कोणीच मले खरं सांगत नाही!"

*

मग संत्र्याच्या बहारात काकांनी पेट्या सौंसरला आणल्या. एका सकाळी ते एक पेटी डोक्यावर घेऊन आमच्या अंगणात आले. आत मेलेल्या माश्यांचा थर. कोणीतरी ऐन फुलांत औषध फवारलं होतं.

"कोणाच्या बागेतून आल्या ह्या, तेवढं सांग बाई. मले त्याच्या दारात जायचं हाय."

माश्यांच्या पायांवरचे कण घेतले, पेटीतला मध घेतला. काका अंगणात येरझाऱ्या घालत होते. एक स्लाइड केली, दुसरी केली, तिसरी केली.

"संत्रा आहे, काका. पण बाग नाही सांगता येत. सगळ्या बागांचा कण सारखाच दिसतो."

ते पेटीजवळ बसले. "म्हंजे कळनारच नाही?"

"नाही."

माझे बाबा बागेतून आले होते, ते दारातच उभे होते. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"माही बाग हाय, डोमाजी. परवा मीच फवारलं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही तुह्या वहीत."