संशयिताची धून

बायको गेल्यावर मी डोंबिवलीची जागा भाड्याने दिली आणि घोडबंदर रोडला मुलाकडे राहायला आलो. मुलगा दिवसभर ऑफिसात असायचा, सून घरूनच काम करायची. आम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते पहिले काही महिने कळत नव्हतं. जेवण, औषधं, वॉशिंग मशीन, एवढेच आमचे विषय.

एका रविवारी दुपारी तिने टीव्हीवर सहज एक जुनी गुप्तहेर मालिका लावली. आम्ही लग्नानंतर नवा टीव्ही घेतला, तेव्हा लागायची ती. सुरुवातीचं संगीत वाजलं आणि मी आतून उठून आलो.

"आवाज वाढव गं जरा."

तरुणपणी मी एका ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचो. त्यामुळे खून कोणी केला यापेक्षा माणूस खोलीत शिरताना मागे काय वाजतं, याकडेच माझं लक्ष असायचं. मी सुनेला डोळे मिटायला लावले. "बघू नकोस, नुसतं ऐक." संगीतकाराच्या हाताशी चार-पाचच वादक असावेत, पण काय कामं करून घेतली होती त्याने! गुप्तहेर विचारात पडला की नुसत्या डग्ग्याचा घुमारा. कोणी खोटं बोललं की सतारीची एकच तार. आणि ज्याच्यावर संशय घ्यायचा, तो माणूस आला की क्लॅरिनेटचे तीन उतरते सूर. तिसरा मुद्दाम किंचित बेसूर, आणि तसाच लोंबकळत सोडलेला.

तिला हे आवडलं. पुढच्या काही रविवारांत तर ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "बाबा, क्लॅरिनेट वाजला, मॅनेजर आला वाटतं." मी म्हणायचो, "बरोबर." घरात मला पहिल्यांदाच कोणाची तरी सोबत वाटू लागली.

मग डोंबिवलीला मेहुणीच्या नातवाची मुंज ठरली. बायकोची नथ सुनेने घालावी असं माझ्या मनात आलं. मी माझ्या खोलीतल्या कपाटातला स्टीलचा डबा काढला, तर नथ नव्हती. सगळ्यांनी मिळून घर उलटंपालटं केलं. "शिफ्टिंगमध्ये गेली असेल कुठे," मीच मुलाला म्हणालो, आणि विषय संपवला.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी टेबलाशी मटार सोलत बसलो होतो. सून माझ्या खोलीत इस्त्रीचे कपडे ठेवायला गेली होती. ती बाहेर आली आणि दारातच थांबली.

"बाबा, काय गुणगुणताय तुम्ही?"

"कुठे काय?"

"क्लॅरिनेटची धून आहे ती."

मी गुणगुणत होतो हे मला तेव्हा कळलं.

"परवापण मी तुमच्या खोलीतून आले तेव्हा हीच होती," ती म्हणाली. "मला वाटलं, भास झाला." मग तिने विचारलं, "नथ सापडत नाहीये म्हणून?"

नाही म्हणता आलं असतं. पण कपाटाची किल्ली तिच्याकडेही असते हे माझ्या मनात येऊन गेलं होतं, एकदा नाही, अनेकदा. मी मटारांकडे बघत राहिलो. तिला उत्तर मिळालं.

"तोंडाने विचारलं असतंत तर मी काहीतरी बोलले असते," ती म्हणाली. "याला काय उत्तर देणार मी?"

तिची मीटिंग होती. दार लावून ती आत गेली. थोड्या वेळाने आतून तिचं स्वच्छ, हसतमुख इंग्रजी ऐकू येऊ लागलं आणि मला त्या टेबलाशी बसवेना.

संध्याकाळी मी तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. "चुकलं माझं. मनात आलं होतं. बोललो नाही म्हणजे झालं, असं वाटलं."

"ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. दुपारी ऑफिसातल्या लोकांशी बोलत होती, त्याच आवाजात.

मुलाला तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तो माझ्यावर चिडला असता, तर मला सोपं गेलं असतं.

मुंजीला ती डोंबिवलीत स्टेशनजवळून घेतलेली खोट्या मोत्यांची नथ घालून आली. पंगतीत मेहुणीने सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, ताईची नथ का नाही घातलीस?"

"ती जपून ठेवलीय, मावशी," सून म्हणाली. "गर्दीत नको म्हटलं."

माझ्या पानात जिलबी होती. मी ती तुकडे करत बसलो, खाल्ली नाही. शेजारी बसलेल्या, मेहुणीच्या व्याह्यांनी विचारलं, "गोड चालत नाही का तुम्हाला?" मी मान हलवली.

नथ अजून सापडलेली नाही. मी शोधणंही सोडलं. सापडली तरी ती तिच्या हातात कोणत्या तोंडाने देऊ?

बरेच रविवार टीव्ही बंद होता. मग एकदा तिनेच हाक मारली. कुठल्यातरी बर्फाळ देशातली नवी मालिका होती, पोलीस तपासाची. "यात म्युझिक जवळजवळ नाहीच आहे," ती म्हणाली. ते तिने मुद्दाम निवडलं होतं का, हे मी विचारलं नाही. आता आम्ही तीच बघतो. माणसं दार उघडून आत येतात, कोट काढतात, बसतात. खालची मराठी अक्षरं मला भरभर वाचता येत नाहीत, तेव्हा मी न सांगताच ती चित्र थांबवते आणि माझं वाचून होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहते.