नदीवर दिलेला शब्द

आई मंगळवारी गेली. सकाळी तिने चहा घेतला, दुपारी ती नव्हती.

दहाव्याला आम्ही अमरावतीहून वलगावला, पेढी नदीच्या काठी गेलो. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्याची इच्छा ओळखून मोठ्याने शब्द द्यायचा असतो. मामांनी दिला, मी दिला. कावळे बाभळीवरच. शेवटी दादा पुढे झाला. तो अकोल्याला वकिली करतो. हात जोडून म्हणाला, "आई, फुलवालीला आपल्या फाटकाजवळून कोणी उठवणार नाही."

कावळा उतरला. फुलवाली तिथेच मागे उभी होती. आमच्या कुंपणाला टेकून ती हार विकायची. तिला तिथे आईनेच बसवलं होतं, आणि आपल्यामागे तिचं काय होईल हा आईला घोर होता.

पावसाळा संपता संपता दादाचा फोन आला. फाटक रुंद करायचं होतं. त्याची गाडी आत येत नव्हती.

"आणि फुलवाली?"

"बसेल कुठेतरी. दारात बाजार बरा दिसतो का?"

"दादा, तू शब्द दिला होतास."

"अरे, कावळ्याला भूक लागली होती."

मी बोललो, पण माझा आवाज चढत नाही. दादा खोटारडा नाही. अकोल्यात त्याने नुसतं 'हो' म्हटलं तरी लोक निर्धास्त होतात. पण ते लोक डॉक्टर, व्यापारी, दुसरे वकील असतात. उद्या समोर उभे राहून त्याला जाब विचारू शकतील असे. फुलवालीला दिलेला शब्द त्याच्या लेखी शब्दच नव्हता, आणि हे त्याला कळतही नव्हतं. मला भीती वाटली ती याचीच. आम्ही एकाच ताटात जेवून वाढलेले. उद्या मलाही असंच कळेनासं झालं तर?

पुढचे काही दिवस मी शाळेत शिकवायला जाताना फाटकापाशी रेंगाळायचो आणि काही न बोलता निघायचो. लोहाराने येऊन मापं घेतली त्या दिवशीही तसाच निघालो. दुसऱ्या सकाळी फुलवालीनेच हाक मारली.

"भाऊ, रोज माह्याकडं पायता अन् तसेच निंगून जाता. सांगून टाका आता."

मी सांगितलं. तिने सुईत दोरा ओवला.

"मले तवाच मालूम होतं. नदीवरून आली अन् त्याच सांजेले भाजीबाजारात जागा पाहून ठेवली."

"मग मावशी, इतके दिवस इथे का बसलात?"

"तुमी कवा सांगता, ते पाहून राहिली होती."

तिने टोपली उचलली. मी हात लावायला वाकलो, तेवढ्यात ती तिच्या डोक्यावर गेलीही होती.

फाटक रुंद झालं आहे. दादा महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, तेव्हा तिथून गाडी आत जाते. एरवी ती जागा रिकामी असते.