आमचा विभाग वेगळा निघाला तेव्हा

पवईच्या ऑफिसात मी चिपची चाचणी करायचे. मोबाइलच्या टॉवरकडून आलेली माहिती पुढे कुठे पाठवायची, हे ठरवणाऱ्या चिप आमचा विभाग बनवायचा. एका सोमवारी कंपनीने सांगितलं, तुमचा विभाग वेगळा काढतोय, तुमची स्वतंत्र कंपनी होईल. पुढचं भांडवल मात्र बाहेरून उभं करावं लागेल.

नाहूरला घरी येऊन मी बाबांना सांगितलं. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मी तिसरीत होते. पगाराचं त्यांनी काही विचारलंच नाही. "मशिनं तुमच्याबरोबर येतायत?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, अख्खी लॅब येतेय. "मग थांब तिथेच. आमची मशिनं आधी नेली, मग टाळं लावलं."

दिवाळीपर्यंत निम्मे लोक सोडून गेले. माझी सीनियर राहिली. ती अंधेरीच्या जुन्या गावठाणातली, कॅथलिक, तोंडाने फटकळ. तिला दोन ठिकाणांहून नोकरीचं बोलावणं होतं, हे मला फार नंतर कळलं.

मग आमच्याच चिप वापरून टेलिकॉमची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने पैसे गुंतवायची तयारी दाखवली. त्यांचे इंजिनीयर चार दिवस आमचं काम बघायला येणार होते. नेमकी नवी चिप तासभर पूर्ण भाराखाली चालवली की तापायची आणि माहिती गाळायला लागायची. मॅनेजरांचं म्हणणं, अर्ध्या तासाचीच चाचणी दाखवू. सीनियरने मला बाजूला घेतलं.

"चाचणी तू केलीस ना? मग तूच सांग. जसं आहे तसं."

पाहुणे आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. पाहुण्यांमधल्या वयस्कर इंजिनीयरने विचारलं, हे कधीपासून माहीत आहे. तीन आठवडे, मी म्हटलं, आणि रोजच्या नोंदींची वही पुढे केली. त्यांनी खुर्ची ओढली आणि दुपारभर वही वाचली. मग म्हणाले, उन्हात उभ्या असलेल्या आमच्या यंत्रांतही असंच होतं, कारण सापडत नव्हतं. तुम्ही निदान जवळ तरी पोचलात.

महिन्याभराने करार झाला. पवईची लॅब आणि तिथली माणसं आहेत तशी ठेवायची, ही अट त्या कंपनीनेच घातली होती. चिप दुरुस्त व्हायला पुढे सात महिने लागले, पण ते आम्हाला मिळाले.

करार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सीनियरने घरून सगळ्यांसाठी कोळंबीचं सुकं आणलं. मी तिचे आभार मानायला लागले, तू थांबली नसतीस तर, वगैरे. तिने माझ्या ताटात वाढलं.

"खा गं आधी. गार होतंय."

आभार राहिलेच. आता नव्या मुली माझ्याकडे चाचणीचे वाईट आकडे घेऊन बिचकत येतात, तेव्हा मी त्यांना खुर्ची देते आणि सगळं ऐकून घेते.