टोकन नंबर सात

रविवार, ९ नोव्हेंबर. ट्रंकेची कडी तुटली होती, म्हणून सकाळी दहाला ती रिक्षात घालून उल्हासनगर कॅम्प दोनला नेली. दुकानदाराने ट्रंक आडवी-उभी करून पाहिली.

"मॅडम, नयी ले लो. बहुत पुरानी है."

"मुझसे सीनियर है. कडी लगाओ."

तो कडी ठोकत होता तेव्हा मोबाईलवर बातमी वाचली. कर्नल वारला. परदेशात, अंथरुणात, म्हातारपणाने. एकोणीस दिवस त्याने आफ्रिकेतल्या एका देशावर राज्य केलं होतं. बातमी चार ओळींची होती. त्या एकोणीस दिवसांत मी त्याला दोनदा पाहिलं आहे.

मी लष्करी नर्सिंग सेवेत मेजर होते. सोळा वर्षांपूर्वी शांतिसेनेच्या आमच्या फील्ड हॉस्पिटलची पोस्टिंग त्या देशाच्या राजधानीबाहेर होती. मेन गेटवर हवालदार दत्ता भोईर. अंबरनाथचा, वय चौतीस. हॉस्पिटलचा नियम एकच: आत हत्यार नाही. येणाऱ्याने हत्यार टेबलावर ठेवायचं, भोईर पितळी टोकन देणार, जाताना टोकन देऊन हत्यार घ्यायचं. भोईर हा नियम जनरललाही लावायचा. रिकाम्या म्यानासाठी त्याने एकदा एका पाद्र्यालाही अडवलं होतं.

कर्नलने सत्ता घेतली त्याच आठवड्यात त्याच्या सैनिकांनी बाजारात जमावावर गोळीबार केला. जखमी आमच्याकडे आले. ट्रकमध्ये एकावर एक रचलेले. खालचे गुदमरून मेले होते. बाराव्या दिवशी तो स्वतः वॉर्ड पाहायला आला. अंगरक्षक सहा.

"वेपन, सर," भोईर म्हणाला.

अंगरक्षकांनी रायफली रोखल्या. कर्नल हसला. त्याने पिस्तूल टेबलावर ठेवलं, टोकन नंबर सात खिशात टाकलं आणि अंगरक्षकांना बाहेर थांबवलं. वॉर्डात तो प्रत्येक कॉटपाशी थांबून एकच प्रश्न विचारत गेला: कोणता मोहल्ला? एका बाईचा पाय आम्ही गुडघ्यापासून काढला होता. ती त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने रुमाल काढला, तोंड पुसलं, पुढच्या कॉटकडे वळला. तेवढ्यात त्याला रेडिओवर बोलावणं आलं. घाईत तो पिस्तूल न घेताच गेला.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तीन वीसला पावाची एक व्हॅन गेटवर आली. मागे पिठाच्या पोत्यांवर कर्नल. पोटात दोन गोळ्या. त्याच्याच माणसांनी त्याला उलथवलं होतं. एका हाताने पोट दाबून दुसऱ्या हाताने तो भोईरपुढे टोकन धरत होता. टोकनाशिवाय आत घेणार नाहीत असं त्याला वाटलं असावं.

रेडिओवर भोईर बोलला. "मॅडम, साहेबांचं पिस्तूल आपल्याकडे जमा आहे. हत्यार नाही. आत सोडू?"

"सोडा."

तीन चाळीसला तीन ट्रक आले. कमांडिंग ऑफिसर विमानतळावर बैठकीला. सर्जनचे हात कर्नलच्या पोटात. रेडिओवर मीच.

"मॅडम, मेन गेट. तीस-चाळीस माणसं. कर्नल मागतायत. आत येऊन नेतो म्हणतात."

आत एकसष्ट पेशंट होते. बाजारातले बरेचसे त्यातच. ही माणसं रायफली घेऊन वॉर्डात शिरली तर एकट्या कर्नलवर थांबणार नव्हती.

"मेन गेट, नियम तोच. हत्यार बाहेर."

"रॉजर. हत्यार बाहेर."

त्यांच्या लेफ्टनंटने खरंच रायफल टेबलावर ठेवली. मागोमाग पाच जणांनी ठेवल्या. भोईर टोकनं मांडत होता. त्या क्षणी ट्रकवरच्या मशीनगनवाल्याने फायर उघडला. भोईर टेबलावर पालथा पडला. त्यांचा लेफ्टनंटही त्याच फायरमध्ये गेला. आमच्या गार्डने उत्तर दिलं. चार मिनिटं. थिएटरचा पत्रा चाळणी झाला, भूल देणाऱ्याच्या खांद्याला गोळी लागली, सर्जन वाकून टाके घालत राहिला. ट्रक परतले तेव्हा गेटपाशी नऊ प्रेतं होती. भोईरच्या मुठीतली टोकनं मला बोटं उघडून काढावी लागली.

कर्नल वाचला. तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने त्याला शेजारच्या देशात नेलं. जाताना त्याने मला सात नंबरचं टोकन परत दिलं आणि पिस्तूल मागितलं. मी दिलं नाही.

भोईरची बायको सुनीता अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. तिला मी तेव्हा एवढंच सांगितलं होतं: ड्यूटीवर गेले. तिने एकदा विचारलं होतं, "गेट उघडलं का नाही त्यांनी?" मी म्हणाले, नियम होता. हुकूम कोणाचा होता ते सांगितलं नाही. सोळा वर्षं सांगितलं नाही.

बातमी वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, तिची शिफ्ट सुरू होण्याआधी, मी अंबरनाथला तिच्या घरी गेले. ट्रंकेत ठेवलेलं सात नंबरचं टोकन तिच्या हातात दिलं आणि उभ्यानेच सांगितलं.

"हत्यार बाहेर ठेवल्याशिवाय गेट उघडू नका हा हुकूम माझा होता."

तिने टोकन उलटंपालटं करून पाहिलं.

"तुम्ही उघडा म्हणाला असतात तरी त्यांनी उघडलं नसतं, मॅडम. माझ्या सख्ख्या भावाला चप्पल बाहेर काढल्याशिवाय घरात घेत नव्हते." मग म्हणाली, "बसा. चहा टाकते."

मी खाली पाहिलं. माझे बूट दाराबाहेरच होते. मी बसले.