टेलची कुंडी

दत्ताकाकांनी माझ्यासाठी पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा त्यांच्या तोंडात केसांचे आकडे होते, ओठांत घट्ट दाबून धरलेले. त्यामुळे त्यांना बोलता येईना आणि मला हसू आवरेना. मी समोरच्या घरात नुकतीच राहायला आले होते आणि वाटीभर विरजण मागायला गेले होते. त्यांनी हातानेच 'आत ये' म्हटलं, हातानेच 'बस' म्हटलं आणि लगबगीने स्वयंपाकघरात गेले. तिथे खुर्चीवर शालूकाकू पाठमोऱ्या बसल्या होत्या, केस मोकळे सोडून. काकांनी केसांना पीळ दिला, गुंडाळला, एकेक आकडा तोंडातून काढून खोचला, मग दोन पावलं मागे सरून एक डोळा बारीक केला. अंबाडा उजव्या कानाकडे चांगलाच कलला होता.

"लेव्हलला आहे," काका म्हणाले.

"कशाच्या?" काकूंनी विचारलं.

काकूंच्या हातांना संधिवात होता. बोटं सांध्यांशी सुजून वाकडी झाली होती. हात डोक्यामागे गेला तरी मूठ वळत नसे. तन्वीने, म्हणजे त्यांच्या नातीने, केस कापून टाकायचं सुचवलं तर काकू दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. "लाटणं सुटलं त्याचं मला काही नाही," त्या मला एकदा म्हणाल्या, "तुझे काका माझ्याहून गोल लाटतात. पण आपले केस आपल्याला बांधता येऊ नयेत ना, हे फार लागतं गं मला." हे बोलताना त्या हसत नव्हत्या. एरवी त्या घरात न हसता कुणी फारसं काही बोलत नसे.

काका निवृत्त इंजिनिअर. सगळी नोकरी कालव्यांवर गेलेली. आता तन्वीजवळ राहायला डब्लिनला आलेले. आयर्लंडमधलं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायोतलं, जिथे दर तिसऱ्या गॅरेजमधून कुकरची शिट्टी ऐकू येते. कालवा सुरू होतो ते हेड आणि संपतो ते टेल, एवढं ज्ञान मला पहिल्याच आठवड्यात मिळालं. हेडचे लोक पाणी ओढून घेतात आणि टेलच्या वाट्याला चिखल येतो, म्हणून पाणी नेहमी टेलपासून द्यावं, असा त्यांचा सिद्धांत होता. नोकरीत तो त्यांना फारसा पाळता आला नाही. "टेलच्या माणसाला मी जन्मभर 'पुढच्या खेपेला बघू' म्हणत आलो," ते सांगत, आणि त्याचं त्यांना खरंच वाईट वाटे. मग ते उट्टं डब्लिनमध्ये निघे. तिथल्या मराठी मंडळाच्या जेवणात रांगेतला पहिला माणूस रिकामी प्लेट घेऊन ताटकळत असे आणि काका श्रीखंडाचं पातेलं घेऊन थेट शेवटच्या माणसाकडे निघालेले असत. "टेलला पोचलं का?" हा त्यांचा घोषा. मंडळाचे अध्यक्ष बहुधा हेडला उभे असल्यामुळे दोघांचं कधी जमलं नाही.

तन्वी फिजिकल थेरपिस्ट. ओहायोत घरी गांजाची झाडं लावायला परवानगी मिळाली तेव्हा तिनेच विषय काढला.

"आजोबा, इट्स लीगल नाऊ. सिक्स प्लांट्स. रूमला लॉक पाहिजे, दॅट्स ऑल. आपण आजीच्या हातांसाठी बाम करू. माझे पेशंट्स लावतात."

"गांजा?" काकू म्हणाल्या. "माझ्या घरात?"

"पीक म्हण," काका म्हणाले.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गुण येईलच असं सांगता येत नाही, पण वरून चोळून बघायला हरकत नाही. काकांना त्यातलं 'हरकत नाही' तेवढंच ऐकू आलं. बेसमेंटमधल्या खोलीला कुलूप बसलं, छताला दिवे टांगले गेले आणि सहा कुंड्या ओळीने मांडल्या गेल्या. दारापाशी हेड, पार कोपऱ्यात टेल. बाहेरच्या थंडीत काकूंची तुळस जगत नसे, म्हणून तीही दाराला लागून त्याच उजेडात येऊन बसली.

माझी मात्र पंचाईत होती. मी वर्क व्हिसावर. राज्याचा कायदा हो म्हणतो, देशाचा नाही म्हणतो, आणि माझा व्हिसा देशाच्या हातात. त्यामुळे त्या खोलीत मी कायम दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राही. "नागपूर, तू फक्त बघायचं," काका म्हणत. माझ्या गावाच्या नावानेच ते मला हाक मारत. "शिंकायचं झालं तरी बाहेर जाऊन शिंक."

पहिल्या वर्षी काकांनी कुंड्यांना आवर्तन सोडलं. कालव्याला ठरलेल्या वेळी पाणी सोडतात ना, तसं ठरलेल्या वारी, टेलपासून हेडपर्यंत, सगळ्यांना सारखं. माती ओली असो की कोरडी. थोड्याच दिवसांत पानं जाडजूड झाली आणि त्यांची टोकं खाली वळली. काकांना वाटलं तहानली असतील, म्हणून त्यांनी जादा पाणी सोडलं. सगळी झाडं मुळाशी कुजली. तन्वीने एक कुंडी उचलून त्यांच्या हातात दिली.

"फील दॅट? किती हेवी आहे! पाणी द्यायच्या आधी पॉट लिफ्ट करायचा, आजोबा. हलका लागला तरच द्यायचं."

काका कुंडी पोटाशी धरून उभे राहिले आणि मग गदागदा हसत सुटले. "अगं, धरण उचलून बघता येत नाही म्हणून मी जन्म वेळापत्रकावर काढला! हे उचलता येतं, हे मला कुणी सांगायचं?"

त्या दिवसापासून त्यांना उचलायचा नादच लागला. दुधाचा कॅन उचलून ते उद्या सकाळच्या चहाचं भाकीत करत. मी भारतात निघाले की माझी बॅग उचलून "चॉकलेटं काढ" म्हणत, आणि विमानतळावरचा काटा त्यांच्याच बाजूने बोले. एकदा शेजारच्यांचं तान्हं बाळ त्यांनी हौसेने उचललं, क्षणभर तोललं आणि आईकडे परत देत म्हणाले, "भरलाय. निचरा करा."

दुसऱ्या वर्षी मात्र ते झाडांशी फार अदबीने वागले. नळाचं पाणी आदल्या दिवशीच झारीत भरून ठेवायचं. सकाळी टेलपासून सुरुवात. कुंडी उचलायची, दोन पेरं बोट मातीत घालायचं, आणि हलकी, कोरडी लागली तरच बारीक धार धरायची, कडेकडेने, गोल फिरत. मध्ये थांबायचं, मातीला पिऊ द्यायचं, मग पुन्हा. तळातून थोडं पाणी बाहेर आलं की बंद, आणि ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाकायचं. "घाईने ओतलेलं पाणी कडेने पळून जातं, मुळाला पत्ताही लागत नाही," ते मला समजावत. "आणि पान बघायचं. तहानलेलं पान मान टाकतं. बुडालेलं पान गाल फुगवतं." मी हात पाठीमागे ठेवून मान डोलवी.

झाडं अशी माजली की बघत राहावं. फुलांचे घोस लागले, वास जिन्यावरून वर आला. काकू दिवसभर उदबत्त्या लावत, त्यामुळे घरात देवळाचा आणि मुलांच्या हॉस्टेलचा वास एकदमच येई. आठवड्याभरात कापणी करायचं ठरलं. काकांनी बामासाठी खोबरेल तेल आणि काचेची बरणी आणून ओट्यावर ठेवली. काकू जातायेता त्या बरणीकडे बघत आणि कुणी पाहिलं की ओटा पुसायला घेत.

कापणीआधीच्या शनिवारी सत्यनारायण होता. अमेरिकेत देवालाही वीकएंडलाच बोलवावं लागतं. घर पैठण्या आणि झब्ब्यांनी भरून गेलं. पूजेला तुळस हवी म्हणून काकूंनी खोलीची किल्ली बायकांना दिली. तुळशीची पानं आली, पूजा झाली, कथा झाली. काका प्रसादाचं पातेलं घेऊन टेलकडे, म्हणजे चपलांपाशी बसलेल्या मंडळींकडे गेले. तेवढ्यात एक काकू पदर खोचून खालून आल्या. चेहऱ्यावर मोठं समाधान.

"दत्ताभाऊ, तुमची झेंडूची रोपं काय हो तरारलीत! पूजेचं सगळं पाणी त्यांनाच घातलं. पायदळी जायला नको ना. एकट्या तुळशीला घालून बाकीच्यांना उपाशी ठेवायचं, तेही बरं दिसेना."

काकांच्या हातातलं पातेलं मी धरलं म्हणून वाचलं.

खाली जाऊन बघतो तर ताटल्या काठोकाठ भरलेल्या. अभिषेकाचं पाणी, भांडी विसळलेलं पाणी, आणि वर पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर. मातीवर एक केळ्याचा काप आणि अक्षता. कुठल्याही झाडाला आजवर एवढा आग्रह कुणी केला नसेल. काकांनी हेडची कुंडी उचलायला हात घातला आणि ती त्यांना उचलेना.

"सिटिझन पुढे या!" काका गरजले. "कुंड्या तिरक्या धरा, पाणी उतरू दे! ग्रीन कार्डवाल्यांनी फक्त टॉवेल द्या, कुंडीला शिवू नका! व्हिसावाले जिन्यात थांबा!"

"आम्ही काय करू?" मी ओरडले.

"आरती म्हणा!"

तन्वीने मुलांना वरच्या मजल्यावर कोंडलं. खाली सोवळ्यातले काका आणि पैठणीतल्या दोन काकवा गांजाच्या कुंड्या बाळासारख्या कुशीत तिरक्या धरून उभ्या, त्यांच्याखाली टब, टबात दुधाळ धार. आणि जिन्यात आम्ही आठ-दहा व्हिसावाले टाळ्या पिटत आरती म्हणतोय. मी इतक्या कळकळीने देवाला आयुष्यात कधी आळवलं नव्हतं. एक टॉवेलवाला हसून हसून खाली बसला. झेंडूवाल्या काकूंना कुणीतरी कानात खरं सांगितलं, तेव्हा त्या "अगंबाई, देवाला चाललं असतं ना?" म्हणून रडायच्या बेतात आल्या.

साखर धुऊन काढायची तर आणखी पाणी घालायला हवं, आणि पाणी तर आधीच बेसुमार झालेलं. आत्ताच कापावं तर फुलं अजून कच्ची. काकांना उपाय दिसेना. ते पायरीवर बसले. सोवळं दह्याने माखलेलं. माझंही हसू मावळलं, कारण वर ओट्यावर ती रिकामी बरणी होती आणि इथे जिन्याच्या तोंडाशी काकू आपली बोटं पदरात लपवून उभ्या होत्या.

"अहो," काकू म्हणाल्या, "टेल बघितली का?"

टेलची कुंडी कोपऱ्यात, मोठ्या पंख्याच्या मागे होती. पैठण्या सावरत तिथवर कुणी गेलंच नव्हतं, आणि तोवर भांडीही रिकामी झाली होती. काका पंखा बाजूला करून आत घुसले. कुंडी उचलली. अलगद वर आली.

"हलकी आहे!" ते ओरडले. "शालू, टेलला पोचलं नाही! टेलला पाणी पोचलंच नाही!"

जे वाक्य नोकरीभर त्यांना खाली मान घालून ऐकावं लागलं, त्याच वाक्यावर माणूस कुंडी कवटाळून नाचत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आम्ही जिन्यात पुन्हा आरती सुरू केली, या वेळी कुणी न सांगता.

बाकीच्या पाचही कुंड्या आठवड्याभरात नासल्या. टेलच्या एका कुंडीतून जेमतेम एक बरणी बाम झाला. काका रोज संध्याकाळी काकूंचं एकेक बोट घेऊन तो चोळत बसत, करंगळीपासून सुरुवात करून. "टेल," ते म्हणत. काकू म्हणत, "या वासालाच घाबरून दुखणं पळेल." वसंत येता येता सूज थोडी उतरली. बामाने उतरली, काकांच्या चोळण्याने, की थंडी सरल्याने, ते कुणी सांगावं! डॉक्टरांनी या खेपेलाही खांदे उडवले.

एका सकाळी मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. काका दूध आणायला गेले होते. काकू खिडकीशी उभ्या होत्या, दोन्ही हात डोक्यामागे. बघता बघता त्यांनी पीळ घातला, वेढा दिला, आकडे खोचले. घट्ट, नेटका, मधोमध अंबाडा. मी किंचाळणारच होते, तेवढ्यात बाहेर गाडी वळल्याचा आवाज आला. काकूंनी झटक्यात आकडे उपसले, केस पाठीवर सोडले आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

"काकू!" मी म्हटलं.

"गप बस," त्या कुजबुजल्या. "त्यांचं आवर्तन चुकेल."

काका आत आले, कॅन उचलून तोलला, ओट्यावर ठेवला आणि आकडे तोंडात धरले.

मागच्या थंडीत काका गेले. झोपेतच गेले, कुणाला काही त्रास न देता, आणि मला त्यांचा रागच आला, कारण असं न सांगता जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तन्वी अजून झाडं लावते, कोपऱ्यापासून पाणी घालते. माझा व्हिसा अजून तसाच आहे, आणि हातही पाठीमागेच. त्या खोलीत गेले की मला रडू येतं आणि रडता रडता तो दुधाळ टब आठवून हसूही येतं.

काकू आता स्वतःच अंबाडा घालतात. परवा मी गेले तेव्हा त्या आरशासमोर होत्या. अंबाडा अगदी नेटका, मधोमध बसला होता. त्यांनी मान वळवून तो दोन्ही बाजूंनी पाहिला. मग तळहाताने हळूच ढकलून उजव्या कानाकडे कलवला.

"काकू, वाकडा झाला," मी म्हटलं.

"लेव्हलला आहे," काकू म्हणाल्या.