रावेरची केळी, देवपूरचं वऱ्हाड

मे महिन्यात भुसावळला निघालोय असं सांगितल्यावर चिपळूणच्या बाजारात एकानेही ‘छान’ म्हटलं नाही. औषधवाल्याने न मागता मीठ-साखरेच्या पुड्या पिशवीत टाकल्या. बायको म्हणाली, “मुग्धाला तिकडून रजा मिळत नाही, म्हणून तुम्ही चाललात, हे लोकांना सांगा तरी.” मुग्धा आमची मुलगी. दीपनगरच्या वीजकेंद्रात अभियंता आहे. मी तिचा बाप, चिपळुणात लहानसा छापखाना चालवतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, जाहिरातीचे कागद, असं सगळं.

भुसावळला उतरलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता, तरी फलाटावरचा वारा भट्टीचं दार उघडावं तसा तोंडावर आला. मुग्धा न्यायला आली होती. दीपनगरच्या वसाहतीत पहिले दोन दिवस मी कूलरसमोरून हललो नाही. संध्याकाळी गच्चीवर गेलो की एका बाजूला धुरांडी दिसत आणि दुसऱ्या बाजूला, लांब, सातपुड्याची निळसर रेघ.

“त्या रेघेखाली सगळी केळी आहे,” मुग्धा म्हणाली. तिच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे थोरले भाऊ मुरलीधरभाऊ तिकडे रावेर तालुक्यात शेती करतात. त्यांच्याकडून आमंत्रण होतं. तिसऱ्या दिवशी, तिच्या दोन दिवसांच्या सुट्टीत, आम्ही दोघं निघालो.

तापी ओलांडली आणि मुलूखच बदलला. आतापर्यंत नांगरून उघडी पडलेली काळी रानं होती, आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या हिरव्या भिंती. घडांवर पिशव्या चढवलेल्या. बागेच्या कडेने वारा अडवायला दाट लावलेली शेवरी. नाक्यावर ट्रक उभे, त्यांच्यावर पंजाब, हरियाणाच्या पाट्या. रस्त्याकडेला कढया चढलेल्या आणि माणसं कच्च्या केळीच्या चकत्या थेट तेलावर किसत होती. आम्ही गरम वेफर्सचा पुडा घेतला. मीठ जास्त होतं, तरी गाव येण्याआधी संपला.

मुरलीधरभाऊंचं घर गावाच्या टोकाला, मागच्या दारी बाग. घरात पाऊल टाकायच्या आत त्यांच्या पत्नी वत्सलावहिनींनी हातात वाटी दिली. गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) घालायचं काम चाललं होतं, त्याच्या शिजवलेल्या पिठाचा ऊन ऊन घाटा. वर तेल. मी दुसरी वाटी मागितली तेव्हा वहिनी मुग्धाला म्हणाल्या, “तुझ्या बाबांले आवडलं म्हना!”

दुपारी शेजारचे देवरामनाना आले. सत्तरीकडे झुकलेले, उंच, बोलणं हळू. त्यांची बाग मुरलीधरभाऊंच्या बागेला लागून. मुलगी पल्लवीचं चार दिवसांनी लग्न होतं, त्याची पत्रिका मला द्यायला आले होते. मी सवयीने कागद बोटात धरून पाहिला, छपाई उजेडात नेऊन पाहिली. नाना बघत राहिले.

“चुकलंय का काही?”

“नाही, नाही. माझा धंदाच हा आहे.”

“मग तुमाले यावंच लागते लग्नाले,” ते म्हणाले. मुलगा धुळ्याचा होता, देवपूरचा. लग्न इथेच होतं, आणि परतणाऱ्या वऱ्हाडाबरोबर जाता येईल असा माझा रस्ताही धुळ्यावरूनच होता. मी हो म्हटलं.

ऊन जरा उतरल्यावर मुरलीधरभाऊ मला बाग दाखवायला घेऊन गेले. त्यांचे घड जवळजवळ भरले होते. दुसऱ्या दिवशी कापणी ठरलेली, कापणाऱ्यांची टोळी सांगून ठेवलेली. नानांची बाग आठवडाभराने मागे. आत गारवा होता, पायाखाली ठिबकच्या नळ्या. भाऊ एकेका घडावरून हात फिरवत पुढे जात होते. मग ते थांबले आणि वर पाहिलं. पश्चिमेकडे आभाळ मातकट पिवळं झालं होतं. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. भाऊंनी माझा दंड धरला आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे अक्षरशः ओढत नेलं.

वारा आला तो एकदम. पाऊस नाहीच, नुसती धूळ आणि वारा. शेवरी जमिनीपर्यंत वाकली. मग आवाज सुरू झाले. केळीचं झाड मोडतं तेव्हा लाकडासारखं कडाडत नाही. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा जड, बसका आवाज होतो. तसे आवाज आधी एक-एक आले, मग मोजता येईनात. भाऊ दाराच्या फटीतून बाहेर बघत होते.

वारा थांबल्यावर बाहेर आलो. भाऊंची वरची अर्धी बाग उभी होती, खालची आडवी. झाडं मधोमध मोडून घडासकट पडलेली. बांधापलीकडे पाहिलं, तर आधी मला काही समजेचना. पलीकडे थेट नदीकाठची बाभळीची रांग दिसत होती. मघाशी ती दिसत नव्हती. नानांच्या बागेत एक झाड उभं नव्हतं.

घरी आलो तोवर भाऊंचा फोन वाजत होता आणि ते स्वतःही दुसऱ्या फोनवर होते. वहिनी एकच सांगत होत्या, “आधी फोटो काढा. पंचनाम्याले लागतीन.” पडलेल्या घडांचं असं असतं, ते मला तिथेच कळलं: उन्हात एक-दोन दिवस पडले की काळे पडतात. त्याआधी कापून सावलीत नेले तर कच्चा माल म्हणून वेफर्सवाले घेतात, जवळच्या बाजारातही जातात. पण वारा एकट्या या गावावर आला नव्हता. आसपासच्या प्रत्येक गावाला त्याच वेळी कापणारे हवे होते. टोळ्या मिळत नव्हत्या. मुरलीधरभाऊंची टोळी मात्र आधीच ठरलेली होती. टोळीचे मुकादम तडवीभाऊ दारात येऊन सांगून गेले, “सकाळी उजाडताच येतो.”

दिवेलागणीला देवरामनाना आले. ओट्यावर बसले. वहिनींनी चहा दिला, तो त्यांनी शांतपणे बशीत ओतून घेतला. मुग्धाला विचारलं, दीपनगरला उन्हाळा कसा असतो. मला विचारलं, कोकणात केळी होते का. मी म्हटलं, परसात होते. “ती गोड राहते,” नाना म्हणाले. मग आणखी थोडा वेळ बसले, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि “येतो” म्हणाले.

ते पायरी उतरले तेव्हा वत्सलावहिनी दारातून बोलल्या. “नाना, थांबा. तुमी कशाले आले ते मले समजलं.”

नाना पाठमोरेच उभे राहिले.

“सकाळी तडवीभाऊ तुमच्या वावरात जातीन.”

मुरलीधरभाऊंनी बायकोकडे पाहिलं. “अन आपलं?”

“आपलं अर्धं उभं आहे. त्यांचं समदं पडलं, अन घरात लग्न आहे. आपलं पडलेलं आपण कापू.”

“आपण म्हंजे कोण?”

“हे काय, पाहुणे आहेत,” वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या. कोणीच हसलं नाही, पण भाऊंच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली. ते अंगणात उतरले आणि नानांच्या बरोबर बांधापर्यंत चालत गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. परत आल्यावर त्यांनी कोयत्याला धार लावायला घेतली.

सकाळी तडवीभाऊंची माणसं नानांच्या बागेत शिरली, आणि भाऊंच्या बागेत आम्ही: भाऊ, वहिनी, मुग्धा, मी. चौघांनी काय होणार, हे मनात येत होतं, तोच बांधावर एक टेंपो येऊन थांबला. त्यातून एक पांढऱ्या स्वच्छ शर्टातले गृहस्थ उतरले. जवळच्या सावद्याला त्यांचं कापडाचं मोठं दुकान, घराणं मूळचं राजस्थानातलं. त्यांना सगळे पारसशेठ म्हणत होते. त्यांच्या मागून दुकानातली माणसं, शेजारचा शिंपी आणि चहावाला.

“शेठ, ऐन लग्नसराईत दुकान बंद?” भाऊंनी विचारलं.

“भाऊ, बागा पडल्या तर दुकान उघडून कापड दाखवू कोणाला? भिंतीला?” शेठ म्हणाले. “बोला, कुठून धरायचं?”

धरायचं कसं, हे मात्र शिकावं लागलं. एकाने दांडा धरायचा, दुसऱ्याने कोयता चालवायचा, आणि घड जमिनीला न टेकवता खांद्यावर घ्यायचा. पहिला घड माझ्या हातून निसटला आणि माझ्याच पायावर पडला. केळीला खरचटलं याचं मला जास्त वाईट वाटलं. कापलेल्या दांड्यातून चीक गळतो. पाण्यासारखा दिसतो, पण वाळला की तपकिरी डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. दुपारपर्यंत शेठजींच्या शर्टाचा नकाशा झाला होता. शिंपी त्यांना म्हणाला, “शेठ, नवीन शिवायला टाका.” शेठ म्हणाले, “आधी तुझा माप घेणारा हात धू.”

जेवण बागेतच झालं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. जेवताना शिंपी सहज बोलत होता. केळी चांगली गेली की त्याच्याकडे शाळेच्या गणवेशापासून लग्नाच्या कोटापर्यंत शिलाई येते. नाही गेली की लोक जुनेच कपडे दुरुस्तीला आणतात. चहावाल्याकडे ट्रकवाले, टोळीवाले, व्यापारी. “आमी शेतकरी नाही,” तो म्हणाला, “पन वारा सुटला का झोप आमालेही येत नाही.”

संध्याकाळी तडवीभाऊ आपली माणसं घेऊन इकडे आले. नानांचं काम बरंच उरकलं होतं. उजेड होता तोवर त्यांनी आमच्यापेक्षा दुप्पट कापलं. तरी सगळं वाचलं नाही. बरेच घड वेफर्सवाल्यांकडे गेले, पण साऱ्या तालुक्याचाच माल त्यांच्या दारात आल्यावर त्यांनी हात वर केले. उरलेला गुरांपुढे पडला. नानांच्या बागेत काही घड अजून कोवळे होते, त्यांचा तर वेफर्सलाही उपयोग नव्हता.

मुग्धाला कामावर परतायचं होतं. मी राहिलो. त्या संध्याकाळी नानांनी मुरलीधरभाऊंना आणि मला बोलावून घेतलं. धुळ्याला फोन करायचा होता आणि त्यांना शेजारी कोणीतरी हवं होतं. पल्लवी आतल्या दाराशी उभी होती. भावी सासरे काय म्हणतात ते ऐकायला ती थांबली होती.

व्याही हिलालभाऊंचा आवाज मोठा होता. फोन दूर धरला तरी सगळ्यांना ऐकू येत होता. नानांनी सांगितलं: बाग गेली, बँड आणि मोठा मांडव नाही जमणार, तुमची हरकत असेल तर लग्न पुढे नेऊ.

पलीकडून उत्तर आलं, “नाना, आम्ही पोर मांगी, केळी नही मांगी.” (आम्ही मुलगी मागितली, केळी नाही.)

नानांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“वरणबट्टी करा, बस,” हिलालभाऊ सांगत होते. “वावर बसनं का मन्हं दुकान बी बसस. आम्हले समजस.” (शेत बसलं की माझं दुकानही बसतं. आम्हाला समजतं.)

पल्लवी आत वळली. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. वहिनी म्हणाल्या, ती रडायला लागली की भांडी घासते.

लग्न ठरल्या दिवशी, नानांच्या अंगणात झालं. बँडच्या जागी गावातल्याच दोघांनी ढोल वाजवला. वरणबट्टी (वरण आणि तळलेल्या कणकेच्या बट्ट्या) आणि वांग्याची भाजी. मी तूप घालून इतकं जेवलो की धुळ्याला परतणाऱ्या वऱ्हाडाच्या बसमध्ये माझ्या शेजारच्या अक्कांनी जागा जास्त लागते म्हणून मला खिडकीकडे सरकवलं. निघताना मुरलीधरभाऊ बसच्या दारापर्यंत आले. बागेचं काय करणार, मी विचारलं. “बुडातून कोंब येतीन,” ते म्हणाले, “तवर उभी आहे तेवढी काढू.”

जळगावात पिंप्राळ्याच्या पाहुण्यांना उतरवून बस धुळ्याच्या रस्त्याला लागली. आता केळी संपली होती. नांगरलेली काळी रानं, कापसाची वाट बघत मोकळी. कापसाची सरकी काढणाऱ्या बंद जिनिंगच्या आवारात रिकाम्या बैलगाड्या. पांझरा ओलांडून देवपुरात शिरलो तेव्हा दिवे लागत होते.

हिलालभाऊंचं दुकान पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं. दुसऱ्या दिवशी माझी नाशिकची गाडी दुपारी होती, म्हणून सकाळी तिथे जाऊन बसलो. काल लग्न झालेलं, तरी दुकान उघडं होतं. साक्री, शिंदखेड्याकडची माणसं मोटारी घेऊन येत होती. त्या माणसांना विहिरींना पाणी कितपत आहे हे हिलालभाऊ आधी विचारत आणि मग मोटार उघडत. मी म्हटलं, “तुम्ही पाण्याची चौकशी आधी करता.” ते म्हणाले, “विहिरीत पाणीच नही ते मोटर कशाले रिपेर करू?”

चिपळूणला पोचलो तेव्हा छापखान्यात पत्रिकांची दोन कामं येऊन पडली होती. त्यातलं एक आमच्याच आळीतल्या बापूचं, त्याच्या पुतणीचं. दरवर्षी आंब्याचा हंगाम सरता सरता पत्रिकांची गर्दी होते, हे मी इतकी वर्षं पाहत आलो होतो. ती गर्दी माझ्या छपाईच्या नावामुळे होते, असं मला वाटायचं. कुठल्या साली काम कमी आलं तर मी शाईवाल्याला बोल लावायचो.

संध्याकाळी मी पत्रिकेचा नमुना घेऊन बापूच्या घरी गेलो. तो चाळायला लागला, तर मी म्हटलं, “ते राहू दे. यंदा आंबा कसा झाला?”

बापूने नमुना बाजूला ठेवला. मग मला मागच्या दाराने वर बागेत घेऊन गेला आणि उजेड होता तोवर एकेका कलमाचं सांगत राहिला: हे कोणी लावलं, ह्याला मोहर उशिरा का येतो, तुडतुड्याची कीड कुठे पडली. बापूच्या घरच्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका मी छापल्या आहेत. त्याची बाग मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिली.